हिशेब आणि स्वस्थता: पोकरसाठी मनाची तयारी

पोकरच्या डावात खेळाडूच्या ताब्यात एकच गोष्ट असते: आपली पाळी आली की काय करायचे. पाने पिसली जातानाच त्यांचा पुढचा क्रम ठरून जातो आणि समोरच्याच्या हातात काय आहे ते दिसत नाही. टेक्सास होल्डेम या सर्वाधिक खेळल्या जाणाऱ्या प्रकारात प्रत्येकाला दोन पाने उपडी मिळतात. मग मध्यभागी आधी तीन पाने उघडतात, त्यांना फ्लॉप म्हणतात. त्यानंतर एक उघडते, ते टर्न. शेवटी आणखी एक, ते रिव्हर. आपली दोन आणि मधली पाच अशा सात पानांतून पाचांचा सर्वांत भारी हात धरायचा. या वाटेत चार वेळा पैसे लावण्याची फेरी येते आणि दर वेळी तोच प्रश्न पुढे असतो: पाने टाकून द्यायची, समोरच्याइतके भरायचे, की वाढवायचे. ज्याला तीन पत्ती येते त्याला हे नियम एका बैठकीत कळतात. या प्रश्नाचे उत्तर पहिल्या तासाला जितक्या स्वच्छ डोक्याने दिले तितक्याच स्वच्छ डोक्याने पाचव्या तासाला देणे, हा या खेळातला अवघड भाग आहे आणि मनाची तयारी म्हणतात ती त्यासाठीच.

पहिली अडचण कंटाळ्याची. ५२ पानांतून दोन पानांच्या १,३२६ जोड्या होतात. त्यांत एक्क्यांची जोडी फक्त ६ प्रकारे येते, म्हणजे सरासरी २२१ डावांत एकदा. बाकी बहुतेक वेळा हातात सत्ती-तिर्री असले काहीतरी असते. भरलेल्या टेबलावर चांगला खेळाडू दहापैकी सात-आठ डाव पहिल्याच फेरीत सोडून देतो. खेळायला बसलेल्या माणसाला न खेळण्याचे हे काम फार जड जाते. नवखा माणूस पैसे गमावतो ते बहुधा एखाद्या मोठ्या चुकीने नव्हे; 'बघू तरी काय येते ते' म्हणत भरलेल्या लहान-लहान रकमा त्याला रिकामा करतात.

मनाचा प्रश्न प्रत्येक खेळात येत नाही, हेही आधीच ध्यानात घ्यायला हवे. दिवाळीनंतर गोंदिया-भंडाऱ्याकडे गावोगाव मंडई भरते. दंडार असते, रात्रीचे नाटक असते, आणि गर्दीच्या कडेला कुठेतरी झेंडीमुंडीचा पटही मांडलेला असतो. त्या पटावर चिन्ह निवडून पैसे ठेवले की खेळणाऱ्याचे काम संपते. पुढे फासे पडतील तसे पडतात. तेथे कितीही शांत मनाने बसले तरी फरक पडत नाही, कारण निर्णय घ्यायला जागाच नाही. पोकरमध्ये ती जागा आहे. ती किती आहे यावर न्यायालयांतही एकमत नाही: गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरला नशिबाच्या बाजूला ठेवले, तर अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रमीबरोबर पोकरही कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले. खेळाडूपुरते उत्तर सरळ आहे. एका डावात नशीब जवळजवळ सगळे ठरवते, हजारो डावांत निर्णय ठरवतात.

नळाचे अक्षहृदय

जुगारात मन कसे बिघडते आणि कशाने सावरते, याची फार जुनी आणि फार नेमकी कथा विदर्भाशी जोडलेली आहे. महाभारताच्या वनपर्वात बृहदश्व ऋषी ती युधिष्ठिराला सांगतात. युधिष्ठिर तेव्हा स्वतः द्यूतात सर्वस्व हरून वनवासात आलेला असतो. नळ हा निषध देशाचा राजा, दमयंती विदर्भाची राजकन्या. तिच्या माहेरचे कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीकाठी असलेले कौंडण्यपूर, अशी परंपरा आहे. नळाच्या शरीरात कली शिरतो, भाऊ पुष्कर त्याला द्यूताला बोलावतो आणि खेळ महिनोन्महिने चालतो. मंत्री दाराशी येऊन उभे राहतात, दमयंती विनवते, नळ कोणाकडे मान वर करून पाहत नाही. शेवटी ती आपल्या दोन्ही मुलांना सारथ्याबरोबर माहेरी पाठवून देते. पुढे काय होणार हे तिला खेळणाऱ्याच्या आधी कळलेले असते. आजही घरोघरी हेच घडते.

सगळे गेल्यावर पुष्कर म्हणतो, आता दमयंतीला पणाला लाव. येथे नळ थांबतो. अंगावरचे दागिने उतरवून एका वस्त्रानिशी बाहेर पडतो. ज्याला ही कथा सांगितली जात आहे तो युधिष्ठिर याच ठिकाणी थांबला नव्हता.

पोकरच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग त्यानंतर येतो. नळ बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथी होतो. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराच्या बातमीवरून दोघे रथातून विदर्भाकडे निघालेले असताना वाटेत एक बेहड्याचे झाड दिसते. त्या झाडाच्या दोन फांद्यांवर पाच कोटी पाने आणि २,०९५ फळे आहेत, असे ऋतुपर्ण धावत्या रथातून सांगून टाकतो. नळ हटून बसतो, रथ थांबवतो, झाड तोडून मोजतो आणि आकडा बरोबर निघतो. ही विद्या अक्षविद्येचा, म्हणजे फाशांच्या विद्येचाच, भाग असल्याचे राजा सांगतो आणि अश्वविद्येच्या बदल्यात अक्षहृदय, म्हणजे त्या विद्येचे मर्म, नळाला देतो. ज्या क्षणी ते ज्ञान नळाला मिळते त्या क्षणी कली त्याच्या शरीरातून बाहेर पडतो आणि त्याच बेहड्यात शिरतो.

झाड बेहड्याचेच असणे हा योगायोग नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ३४वे सूक्त जुगाऱ्याच्या दुःखाचे आहे आणि तेव्हाचे फासे म्हणजे बेहड्याची फळेच होती. मूठभर फळे उचलायची आणि चारने भागून बाकी किती उरते ते पाहायचे, असा तो खेळ असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल तर ढीग पाहून संख्या ओळखणे हेच त्या खेळातले कौशल्य होते. इयान हॅकिंग यांनी संभाव्यतेच्या इतिहासावरील १९७५च्या पुस्तकात नळाच्या या प्रसंगाची दखल घेतली आहे: थोड्या नमुन्यावरून मोठ्या संख्येचा अंदाज बांधणे आणि फाशांचे गणित, या दोन गोष्टी एकत्र आल्याचा हा फार जुना दाखला आहे. नागझिरा आणि नवेगावच्या जंगलात बेहडा आजही उभा आहे. त्रिफळ्यात पडणारा तोच हा.

या कथेतला क्रम मनात ठेवण्याजोगा आहे. नळाचे मन आधी शांत झाले आणि मग त्याला खेळ समजला, असे व्यास सांगत नाहीत. आधी मोजणी कळली, मग कली गेला. पोकरच्या मानसिक तयारीवरचे पुष्कळ लिखाण उलट टोकाकडून सुरू होते: दीर्घ श्वास घ्या, सकारात्मक राहा, स्वतःवर विश्वास ठेवा. आकडे माहीत नसलेल्या माणसाला यातले काहीही फार वेळ तारत नाही. जो हरण्याचे प्रमाण आधीच जाणतो त्याला हरल्यावर धक्का बसत नाही, आणि धक्का बसला नाही की श्वास आपोआप जागेवर राहतो.

बरोबर असूनही हरणे

हे प्रमाण किती विचित्र असू शकते ते एका उदाहरणावरून दिसेल. चार पाने उघडली आहेत, रिव्हर बाकी आहे. खेळाडूकडे बदामाची चार पाने जमली आहेत. पाचवे आले तर हात जिंकतो असे धरू. त्याला स्वतःची दोन आणि मधली चार अशी सहा पाने दिसली आहेत. न दिसलेल्या ४६ पानांत नऊ बदाम उरले, म्हणजे बदाम येण्याची शक्यता १९.६ टक्के, साधारण पाचात एक. मध्ये ४०० चिप्स आहेत आणि समोरच्याने १०० लावल्या. भरावे की टाकावे?

असा प्रसंग शंभर वेळा आला तर ८० वेळा प्रत्येकी १०० जातील आणि २० वेळा प्रत्येकी ५०० येतील. गेले ८,०००, आले १०,०००. भरणे बरोबर. समोरच्याने १०० ऐवजी ३०० लावल्या असत्या तर तोच हात ८० वेळा ३०० घालवतो आणि २० वेळा ७०० मिळवतो: गेले २४,०००, आले १४,०००. आता टाकणे बरोबर. पान तेच, आशा तीच, माणूस तोच. फक्त किंमत बदलली.

पहिल्या प्रसंगात बरोबर निर्णय घेणारा माणूस पाचपैकी चार वेळा हरतो. दुसऱ्या प्रसंगात चुकीचा निर्णय घेणारा पाचातून एकदा ७०० चिप्स ओढून घेतो, आणि ती एक वेळ त्याच्या लक्षात राहते. मनाला ही गोष्ट पचत नाही. बालपणापासून शिकवलेले असते की चूक केली की शिक्षा आणि बरोबर केले की बक्षीस. पोकर हे नाते सैल करतो. ज्याने पऱ्हे वेळेवर टाकले, रोवणी वेळेवर केली आणि नंतर पावसाने दडी मारली, त्या शेतकऱ्याला धानाच्या मुलखात कोणी मूर्ख म्हणत नाही. पत्त्यांपुढे बसलेला तोच माणूस स्वतःला ही सूट देत नाही. २००४ मध्ये वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचे ब्रेसलेट जिंकलेल्या ॲनी ड्यूक यांनी आपल्या २०१८च्या पुस्तकाचा मोठा भाग याच एका दोषाला दिला आहे: निकाल पाहून निर्णयाची परीक्षा करणे.

एक्क्यांची जोडी आणि राजांची जोडी समोरासमोर आली आणि दोघांनी सगळे पैसे लावले, तर एक्केवाला शंभरांत सुमारे ८२ वेळा जिंकतो. उरलेल्या १८ वेळा राजेवाला जिंकतो आणि एक्केवाल्याला वाटते की आपल्यावर अन्याय झाला. अन्याय काही झालेला नसतो. ते १८ आधीपासून तेथेच होते. खेळायला बसण्यापूर्वी अशी दहा-बारा प्रमाणे तोंडपाठ करणे, म्हणजे पाढ्यांसारखी, हा मानसिक तयारीचा पहिला धडा मानायला हरकत नाही.

गेलेले काढण्याची ओढ

डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धांताचा गाभा असा की तेवढीच रक्कम मिळाल्याच्या आनंदापेक्षा गेल्याचे दुःख मोठे असते. पुढच्या मोजमापांत ते दुपटीच्या आसपास भरले. रिचर्ड थेलर आणि एरिक जॉन्सन यांनी १९९० मध्ये यातली पुढची पायरी दाखवली. हरत असलेल्या माणसाला सर्वांत जास्त ओढ असते ती 'मुद्दलावर येण्याची'; जो पर्याय त्याला एका फटक्यात मुद्दलावर आणू शकतो तो कितीही वाईट असला तरी त्याला आवडतो. जिंकत असलेला माणूस दुसऱ्या टोकाला जातो. जिंकलेले पैसे त्याला आपले वाटत नाहीत, टेबलाचे वाटतात, आणि ते तो सढळ हाताने उधळतो. 'गेलेले काढून मगच उठतो' आणि 'हे तर फुकटचे आहेत' ही दोन्ही वाक्ये कोणत्याही फडावर ऐकू येतात. दोन्ही वेळी माणूस पुढचे पान न पाहता मागचा हिशेब पाहत असतो.

गोंदियाला या ओढीचा फार मोठा दाखला मिळाला. जुलै २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगाराच्या ॲपवर आपले ५८ कोटी रुपये गेल्याची तक्रार पोलिसांत दिली. तपास गोंदियात पोहोचला आणि तेथील एका घराच्या झडतीत कोट्यवधींची रोकड आणि सोने सापडले. तक्रारीनुसार त्याला ८ लाख रुपये जमा दाखवणारे खाते उघडून देण्यात आले होते, सुरुवातीला तो जिंकत गेला, सुमारे ५ कोटी हाती आले आणि त्यानंतर ओघ उलटला. ॲपच मुळात खेळणाऱ्याला हरवण्यासाठी चालवले जात होते, असा आरोप आहे. हा पोकर नव्हता. तरी मनाच्या दृष्टीने त्यात दोन गोष्टी उघड दिसतात. सुरुवातीची जीत ही हारीपेक्षा धोक्याची असू शकते, कारण ती माणसाची पातळी वाढवून ठेवते. ५ कोटी पाहिलेल्या डोळ्यांना ५ लाखांचे नुकसान दिसेनासे होते. आणि पत्ते कोण पिसतो हे जेथे दिसत नाही तेथे ऋतुपर्णाची विद्यासुद्धा कामाची नाही. शकुनीच्या फाशांपुढे युधिष्ठिराला कोणते गणित उपयोगी पडणार होते?

हरल्या-जिंकल्याने निर्णय बिघडू लागतो त्या अवस्थेला पोकरच्या जगात टिल्ट म्हणतात. मूळचे गोल्फपटूंचे मानसशास्त्रीय प्रशिक्षक असलेले जॅरेड टेंडलर यांनी २०११च्या पुस्तकात टिल्टचे सात प्रकार सांगितले. बराच काळ पत्ताच न लागल्याने येणारा, अन्याय झाल्याच्या भावनेने येणारा, हरणेच सहन न होणारा, स्वतःच्या चुकीवरून स्वतःवर चिडल्याने येणारा, 'याच्यापेक्षा मी चांगला खेळतो, मग हा कसा जिंकतो' म्हणणारा, एका विशिष्ट खेळाडूवर सूड उगवू पाहणारा, आणि शेवटचा हताशेचा. हे वर्गीकरण उपयोगी आहे, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा. अन्यायाची भावना प्रमाणे पाठ असली की मावळते. सूडाची मावळत नाही; तिच्यावर जागा बदलणे किंवा उठणे हाच उपाय. चौथा प्रकार मेहनती माणसांना जास्त छळतो. चुकलेला डाव त्यांच्या डोक्यात फिरत राहतो आणि त्या नादात पुढचे तीन बिघडतात. हताशा आली की खेळ संपवायचा, त्यावर वेगळी चर्चा नको.

टिल्ट शरीरात आधी दिसतो: कान गरम होतात, चिप्स जोरात आपटल्या जातात, पाने येण्याआधीच हात पैशांकडे जातो, बोलणे वाढते किंवा अचानक बंद पडते. प्रत्येकाची खूण ठरलेली असते, आणि ती खेळणाऱ्यापेक्षा सोबत बसणाऱ्याला लवकर कळते. विश्वासातल्या एका माणसाला ती विचारून ठेवणे, आणि त्याने डावात खुणावले की वाद न घालता बाहेर पडणे, ही साधी व्यवस्था कित्येक पुस्तकांपेक्षा जास्त काम करते.

टेबलावर बसण्याआधी

मनाची तयारी घरातून निघण्याआधी सुरू होते आणि तिचा पहिला भाग कायद्याचा आहे, कारण पोलीस येतील या धास्तीत बसलेल्या माणसाचे डोके थाऱ्यावर राहत नाही. महाराष्ट्रात १८८७चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. कॅसिनोंसाठी राज्याने १९७६ मध्ये केलेला कायदा कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय झाला. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, देशभर बंद केले. मोबाइलवरच्या पैशांच्या पोकरची वाट त्याने संपली. गोव्यात तेथल्या स्वतंत्र १९७६च्या जुगार कायद्यातील नंतरच्या दुरुस्त्यांमुळे पंचतारांकित हॉटेलांत आणि मांडवीतल्या जहाजांवर परवान्याने कॅसिनो चालतात आणि पोकरच्या स्पर्धाही होतात. गोंदियात राहून पोकर शिकायचा असेल तर सर्वांत चांगली वाट घरच्या टेबलावर बिनपैशांच्या चिप्सची. त्याने खेळाची गंमत जाते असे पुष्कळांना वाटते. ठरावीक चिप्स देऊन, त्या संपल्या की माणूस बाद, अशी स्पर्धा ठेवली तर त्या चिप्स माणूस जिवापाड जपतो. निर्णयाचा सराव तेवढ्याने पुरेपूर होतो.

दुसरा भाग झोपेचा. सिंगापूरच्या ड्यूक-एनयूएस वैद्यकीय संस्थेतील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले की रात्रभर जागलेली माणसे मिळकतीच्या शक्यतेला जास्त भुलतात आणि नुकसानीची धार त्यांना कमी जाणवते. म्हणजे थकवा फक्त मंद करत नाही, तो एका ठरावीक दिशेला ढकलतो, आणि ती दिशा पैसे लावण्याची असते. गोंदियाहून निघणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस कोल्हापूरला पोहोचायला एका दिवसाहून जास्त वेळ घेते. गोवा त्याच्याही पुढे. एवढा प्रवास करून त्याच रात्री जहाजावर चढणारा माणूस आपला सर्वांत वाईट खेळ खेळायला निघालेला असतो. त्यात तेथल्या प्रवेशशुल्कात बहुधा जेवण आणि मद्य धरलेलेच असते. पहिली रात्र झोपेला द्यावी आणि खेळताना मद्य घेऊ नये, याला अपवाद नाही.

तिसरा भाग रकमेचा. ही रक्कम घरखर्च, शिक्षण, औषधपाणी आणि कर्जाचे हप्ते बाजूला काढून उरलेल्या पैशांतली असावी, ती गेली तरी दुसऱ्या दिवशी काही बदलू नये, आणि ती घरात माहीत असावी. शेवटची अट वरकरणी खेळाबाहेरची वाटते. जे लपवलेले असते ते परत मिळवण्याची घाई सर्वांत मोठी असते. लपवलेला पैसा टेबलावर घाबरतो आणि घाबरलेल्या पैशाला पाने टाकता येत नाहीत की योग्य वेळी वाढवताही येत नाही. रकमेबरोबर वेळही ठरवावी: चार तास म्हणजे चार तास, जिंकत असलो तरी. ठरवलेल्या मर्यादा वारंवार मोडल्या जात असतील, उधारी होत असेल, खोटे बोलावे लागत असेल, तर प्रश्न खेळाच्या तयारीचा उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जुगाराच्या व्यसनाला आजारांच्या यादीत स्थान दिले आहे आणि त्यावर उपचार आहेत. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येते.

टेबलावर

मानसशास्त्रज्ञ मारिया कोनिकोवा यांनी पोकर शिकायला घेतला तेव्हा त्यांना गड्डीत पाने किती असतात हेही नीट माहीत नव्हते. एरिक साइडेल या मुरलेल्या खेळाडूने त्यांना शिकवले, २०१८ मध्ये त्यांनी बहामात एक मोठी स्पर्धा जिंकली आणि २०२० मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. साइडेलच्या शिकवणीचा मोठा भाग लक्ष देण्याचा होता. पाने टाकून दिल्यावर खेळाडूचे काम संपत नाही. कोण किती वेळ घेतो, कोण कोणत्या पानांवर किती लावतो, शेवटी पाने उघडल्यावर काय निघते, हे पाहण्याचा तोच वेळ असतो. दहातले सात-आठ डाव सोडायचेच असतील तर त्या वेळात मोबाइल काढणारा आणि टेबल पाहणारा यांच्यात दोन तासांनी फार मोठे अंतर पडते. कंटाळ्यावरही हाच उपाय आहे. पाहायला काही असले की खेळण्याची खाज कमी होते.

निर्णयाआधी प्रत्येक वेळी तोच क्रम ठेवण्याची सवय उपयोगी पडते: मध्ये किती आहे, किती भरायचे आहे, समोरच्याने या डावात आतापर्यंत काय काय केले, त्याच्याकडे कोणकोणती पाने असू शकतात, आणि मग हात हलवायचा. सोप्या निर्णयालाही तेवढाच वेळ घ्यावा. त्याने अवघड निर्णयाच्या वेळी घेतलेला वेळ समोरच्याला काही सांगून जात नाही, आणि राग आलेला असताना मन त्याच रुळावरून चालते.

ब्लफविषयी गैरसमज फार. हात रिकामा असताना वाढवणे म्हणजे छाती ठोकणे नव्हे. त्यालाही किंमत असते. मध्ये १०० असताना १०० लावून ब्लफ केला, तर समोरच्याने निम्म्याहून जास्त वेळा पाने टाकली तरच तो परवडतो. जो माणूस कधीच पाने टाकत नाही त्याच्यापुढे ब्लफ करणे हे धाडस नाही, हिशेबाची चूक आहे. ब्लफ पकडला गेल्यावर लाज वाटणे हा पुष्कळांचा अनुभव. चांगल्या खेळाडूचे ब्लफ पकडले जातातच. एकही पकडला जात नसेल तर तो पुरेसे ब्लफ करत नाही, असेच समजावे.

जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गच्या एका कॅसिनोत लिब्रेटस नावाचा संगणकीय प्रोग्रॅम चार कसलेल्या व्यावसायिकांशी वीस दिवसांत १,२०,००० डाव खेळला आणि चौघांनाही हरवून गेला. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ट्युओमास सँडहोम आणि नोम ब्राउन यांनी तो तयार केला होता. समोरच्याच्या चेहऱ्यावरचे भाव त्याला दिसत नव्हते, आणि मोठा डाव हरल्यावर पुढचा डाव तो वेगळ्या रागाने खेळत नव्हता. त्याहून शिकण्यासारखी गोष्ट रात्रीची होती. दिवसभरात प्रतिस्पर्ध्यांनी त्याच्या खेळातल्या ज्या फटी शोधल्या असतील त्या तो रात्री महासंगणकावर हिशेब करून बुजवत असे. माणसाला राग येणारच, पण ही रात्रीची उजळणी त्याला जमण्यासारखी आहे.

खेळ संपल्यावर

या उजळणीला साधी वही पुरते. घरी आल्यावर त्या दिवशीचे अवघड गेलेले तीन-चार डाव लिहावेत: कोणती पाने होती, मध्ये किती होते, काय केले, तेव्हा काय वाटत होते. डाव जिंकला की हरला हे लिहायचे नाही, निदान पहिल्या दिवशी नाही. दोन-तीन दिवसांनी त्या नोंदी पुन्हा वाचल्या की निकालाची ऊब किंवा चटका गेलेला असतो आणि निर्णय उघडा दिसतो. सोबत खेळणाऱ्या एखाद्याला निकाल न सांगता तोच डाव विचारून पाहावा. आपण जे केले तेच तो सुचवत असेल तर ठीक. वेगळे सुचवत असेल तर हिशेब मांडून दोघांनी पाहावे. मनाच्या नोंदीही याच वहीत: किती वाजता चिडचिड सुरू झाली, कोणाशी, किती झोप झाली होती, काही खाल्ले होते का. पाच-सहा बैठकांच्या नोंदी झाल्या की बहुतेकांना आपला टिल्ट कोणत्या दाराने येतो ते कागदावर दिसू लागते.

अशा वहीची गरज किती आहे ते एका शेवटच्या हिशेबावरून कळते. हाताने पत्ते वाटून तासाला पंचवीस-तीस डाव होतात. आठवड्यातून एकदा चार तास बसणाऱ्या मित्रमंडळींचे शंभर-सव्वाशे डाव होतात, आणि दहा हजार डाव व्हायला दीड-दोन वर्षे लागतात. ब्लाइंड म्हणजे डाव सुरू होताना सक्तीने भरावी लागणारी ठरावीक रक्कम; या खेळात शंभर डावांमागचा चढउतार ऐंशी-नव्वद ब्लाइंडांच्या घरात असतो, तर चांगल्या खेळाडूची खरी सरासरी मिळकत तेवढ्या डावांमागे पाचेक ब्लाइंड. या दोन आकड्यांवरून मांडले तर दीड-दोन वर्षे उत्तम खेळूनही चारातल्या एकाहून जास्त खेळाडू तोट्यात दिसतील, आणि तितक्याच काळात काही वाईट खेळाडू नफ्यात असतील. तेवढ्या काळात कोण सुधारत आहे हे पैशांच्या रकान्यावरून ओळखता येणार नाही. वहीतल्या डावांवरून येईल.